उभ्याने वाचलेला कागद

माण तालुक्यातल्या एका गावात मी बरीच वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. गावातल्या निम्म्या घरांतला एकेक मुलगा पलटणीत होता आणि त्यांच्या आयांना वाचता येत नव्हते. आलेली पत्रे घेऊन त्या शाळा सुटल्यावर माझ्याकडे येत. मी एक पद्धत ठरवून घेतली होती. पत्र फोडले की आधी सगळे मनात वाचायचे. वाईट काही असेल तर समोरच्या बाईला म्हणायचे, "बसा." ती बसली की मीही तिच्याजवळ बसायची आणि मग सांगायची. पत्र चांगले असेल तर उभ्यानेच मोठ्याने वाचायचे. कोणी चक्कर येऊन पडले, डोक्याला लागले, असे एकदा झाल्यावर मी ही काळजी घ्यायला लागले. त्यामागे एवढेच कारण होते. पण बायकांनी ते ओळखले. मी "बसा" म्हणते की काय, इकडे त्यांचे लक्ष असे. मी चष्मा लावून उभी राहिले की पहिले वाक्य ऐकण्याआधीच त्यांचे चेहरे सैल होत.

पुढे माझे यजमान वारले. मुलांच्या शिक्षणासाठी मी नोकरी सोडून सांगलीला माहेरी आले. तिथे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या वृद्ध पाळकसाहेबांनी मला काम दिले. बायबलातल्या जुन्या कराराच्या मराठी भाषांतराची सुधारणा चालू होती आणि स्तोत्रांचा काही भाग त्यांच्याकडे होता. विश्रामबागेत एका बंगल्याची मागची खोली मिळाली होती. आम्ही तिघे तिथे बसत असू. पाळकसाहेबांना मूळ मजकुराचे हिब्रू येत होते. मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक भाषा तपासायला येत. ते आमच्या धर्माचे नव्हते, पण वादाला कधी मागे हटायचे नाहीत. मी नकला करायची, टाइप करायची आणि शब्दांच्या याद्या ठेवायची. मूळ शब्द कोणता, तो कुठे कुठे आला आहे, तिथे आपण मराठीत काय घातले, हे सगळे माझ्या यादीत असे. मला हिब्रू येत नव्हते, अजूनही येत नाही. पण कामाचे शब्द कानावरून जाऊन जाऊन ओळखीचे झाले होते.

त्यातला एक नेफेश. जुन्या भाषांतरात बहुतेक ठिकाणी त्याचा 'आत्मा' केलेला होता. पाळकसाहेब सांगत की मुळात तो गळा. जिथून श्वास जातो-येतो, तहान लागते, घास उतरतो ती जागा. त्यावरून श्वास, त्यावरून जीव, आणि शेवटी तो माणूसच. एका स्तोत्रात बुडणारा माणूस म्हणतो की पाणी त्याच्या नेफेशपर्यंत आले आहे.

"आता हे पाणी आत्म्यापर्यंत कसे पोचवणार?" पाळकसाहेब म्हणाले.

"गळ्यापर्यंतच ठेवा," प्राध्यापक म्हणाले. "आत्मा भिजत नाही असं आमच्याकडे पूर्वीच ठरलंय."

तिथे 'गळा' लागला. त्या दिवशी दोघेही खुशीत होते. पण त्याच स्तोत्राच्या शेवटाला गाडी अडली आणि कितीतरी आठवडे पुढे गेली नाही.

मला समजले तेवढे सांगते. हिब्रू क्रियापद आपल्यासारखा काळ दाखवत नाही. काम पुरे झाले की अजून व्हायचे आहे, एवढे दाखवते. त्या स्तोत्रातला माणूस सुरुवातीपासून चिखलात आहे. हाका मारून त्याचा घसा कोरडा पडला आहे, डोळे थकले आहेत, देव कुठे आहे म्हणून तो देवालाच बोल लावतो आहे. आणि शेवटी एकदम पुऱ्या झालेल्या कामाची क्रियापदे येतात. देवाने ऐकले. बाहेर काढले. मधे काहीही घडलेले नाही. कोणी दोर टाकलेला नाही, पाणी ओसरलेले नाही.

प्राध्यापकांचे म्हणणे, तिथे 'ऐकशील, काढशील' हवे. "मराठी वाचक विचारील, हा कधी बाहेर आला? तुमचा कवी काळ पाळत नसेल, पण वाचकाच्या हातात घड्याळ असतं."

पाळकसाहेबांचे म्हणणे, कवीने झाले म्हटले आहे तर आपण झाले म्हणायचे. "तो अजून चिखलातच आहे, साहेब. तिथून तो 'ऐकलंस' म्हणतोय. ते 'ऐकशील' करणं म्हणजे त्याच्या तोंडातला घास काढून घेणं."

"तुम्ही त्याला घास द्या, मी वाचकाला अर्थ देतो."

असे रोज. शेवटी ठरले की मजकूर लोकांना वाचून दाखवायचा आणि त्यांना काय कळते ते पाहायचे. आमच्या कामाचा तो नियमच होता. मंडळीतल्या लोकांपुढे वाचून उपयोग नसे, कारण त्यांना जुने भाषांतर तोंडपाठ, आपण काय वाचतो याकडे त्यांचे लक्षच नसे. म्हणून बाहेरच्या, कष्टकरी माणसांपुढे वाचायचे. आणि हे धर्मशास्त्र आहे असे आधी सांगायचे नाही, नाहीतर लोक हात जोडतात आणि काहीही विचारा, 'समजलं' म्हणतात. नुसते वाचायचे, मग त्यांच्या शब्दांत सांगायला लावायचे आणि ते लिहून घ्यायचे. मी माझे जुने गाव सुचवले. तिथे मला ओळखणारी माणसे होती, ती मोकळेपणी बोलली असती.

तो बहात्तरचा उन्हाळा. आदल्या साली त्या भागात पाऊस झालेला नव्हता आणि रस्त्याचे दुष्काळी काम चालू होते. मी विट्याला एसटी बदलून दुपारच्या सुट्टीला कामावर पोचले. बायका बाभळीखाली भाकरी खाऊन बसल्या होत्या. मुकादम ओळखीचा निघाला, माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याने सगळ्यांना गप्प केले. मी चष्मा लावला, कागद उलगडला, सवयीने एकदा मनात वाचून काढला आणि मग मोठ्याने वाचला. बायका आधीच बसलेल्या होत्या. मी उभी होते.

वाचून झाल्यावर विचारले, काय कळले?

"कुनीतरी हिरीत पडलंय," एक म्हणाली.

"हिरीत न्हवं गं, गाळात. तळ्याच्या. आमचा रेडा गेला हुता तसं."

"वरडतंय वरडतंय, कुनी येईना."

"मग शेवटी काय झालं?" मी विचारले.

"काढला की त्याला. म्हनला न्हवं का, काढलं म्हनून."

"कुणी काढला?"

"आता ते काय आमाला ठावं? तुमीच वाचलं." आणि सगळ्या हसल्या.

मी हे लिहून घेत होते तेव्हा पलीकडे, पाण्याच्या पिंपाशी, आक्का उभी दिसली. गावात सगळे तिला आक्काच म्हणत. धनगराचे घर, नवरा पूर्वीच गेलेला, एकुलता मुलगा पलटणीत. त्याची सगळी पत्रे मी वाचलेली. डिसेंबरातली पाकिस्तानशी लढाई संपल्यावर त्याच्याबद्दल पलटणीचा एकच कागद आला होता, बेपत्ता असल्याचा, आणि पुढे काही नाही. हे मला पत्राने कळले होते. मी तिच्या गुडघ्यांसाठी मिरजेहून तेल नेले होते आणि ते आल्या आल्या मुकादमाकडे दिले होते. माझी परतीची एसटी यायची वेळ झाली, म्हणून मी कागद आवरून रस्त्याकडे निघाले. आक्का डोक्यावरचा पदर सावरत धावत आली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "बाई, लय उपकार झालं तुमचं." मला वाटले, तेलाचे म्हणते आहे. मी म्हटले, "त्यात काय, आक्का, सांभाळून राहा." आणि गाडीत चढले.

पुढे काही दिवसांनी आक्काचा दीर मिरजेच्या दवाखान्यात मोतीबिंदू दाखवायला आला होता, तो माझा पत्ता विचारत विश्रामबागेत आला. आम्ही तिघे कामाला बसलो होतो. मी त्याला पाणी दिले. त्याने ते तसेच हातात धरले.

"बाई, रागावू नगा, इचारतो. पोराची बातमी तुमाला कुनी दिली?"

"कुठल्या पोराची?"

"आमच्या. पलटणीतल्या. तुमी कामावर पत्र वाचलं न्हवं? गाळात रुतला हुता, हाका मारल्या, मग काढला म्हनून. वयनीनं सोताच्या कानानं ऐकलं. तुमी उबं ऱ्हावून वाचलं, चष्मा लावून. साऱ्या बायका साक्षीला हायती."

मी त्याला हळूहळू सगळे विचारले. आक्का पाण्याला गेलेली असल्यामुळे तिने सुरुवातीचे ऐकलेच नव्हते. पिंपाशी येता येता तिने मला पाहिले. मी उभी, हातात कागद. बाकीच्या बायकांना मी 'बसा' म्हटलेले नाही. तिच्या कानावर आले ते शेवटचे, की ऐकले आणि बाहेर काढले. एवढे तिला पुरले. इतर बायकांनी तिला सांगितले की बाईंनी कुणाचे नाव घेतले नाही. ती म्हणाली, नाव घ्यायला बाई काय येड्या हायत, मिल्ट्रीतलं असं उगडं सांगत न्हाईत.

"कामावर समद्यांला गूळ वाटला," दीर म्हणाला. "गूळ, आन ह्या दिसांत. कासाराला बोलवून सुनंला चुडा भरला हिरवागार. आमी पंचांनी मिळून सुनंचं काय करायचं ते ठरवत हुतो. पोरगी ईस-बावीसची, तिचा बाप न्यायला आला हुता, दुसरं घर बघतो म्हनला. पोरगा गेला म्हनून पेन्शन मागायच्या कागदावर वयनीचा अंगठा पायजेल, तिथंबी ती हात लावू दीना. आन आता तर इचारूच नगा. सुनंच्या बापाला हाकलून दिला. जावाई कैदेत हाय, सुटून येतोय म्हनली."

मग त्याने विचारले, "खरं हाय व्हय, बाई?"

मी म्हणाले, "नाही."

त्याने पाण्याचा पेला न पिता खाली ठेवला. तो गेल्यावर पाळकसाहेब उठून खिडकीशी गेले आणि म्हणाले, "बाई, तिथे 'ऐकशील' घाला. 'काढशील' घाला. झालं तेवढं पुरे."

इतके आठवडे ज्यासाठी भांडले ते प्राध्यापकांना आयते मिळत होते. ते म्हणाले, "नाही. कुणी चुकीचं ऐकलं म्हणून मजकूर बदलायचा नसतो."

"माझ्याच्याने आता ते वाचवणार नाही, साहेब."

"मग मी वाचीन."

मी टाइपरायटरवर झाकण घातले. त्या शब्दाचे काहीही केले तरी आक्काच्या सुनेच्या हातातल्या बांगड्यांचे काही होणार नव्हते. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने जायचे ठरवले. पाळकसाहेब बरोबर येतो म्हणाले. मी नको म्हटले. अनोळखी माणसासमोर ती बोलली नसती, आणि रडलीही नसती. मुलांच्या जेवणाचे घरी सांगितले, पिशवीत कागद घातला, पाण्याची बाटली घेतली. गाडीत बसल्यावर बोलायची वाक्ये मनात जुळवत राहिले. एकही धड जुळेना. विट्याला गाडी बदलताना एकदा वाटले की असेच परत फिरावे. तिला आणखी थोडे दिवस मिळतील. पण ते दिवस सुनेच्या आयुष्यातून जाणार होते, हेही मला दिसत होते.

आक्का घरीच होती. गुडघे धरले म्हणून कामावर गेली नव्हती. सून चुलीपुढे होती, हात कोपरापर्यंत हिरवे. मला पाहून आक्काचे तोंड उजळले. "आलं व्हय दुसरं पत्र?"

मी म्हणाले, "आक्का, बसा."

तिचा चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातले हसू थांबले. सून चुलीपाशी उभी राहिली.

"न्हाई बसत," आक्का म्हणाली.

"आक्का..."

"मी न्हाई बसत. तुमी बी बसू नगा. काय हाय ते उबं ऱ्हावून सांगा."

मी उभ्यानेच सांगितले. तो कागद पत्र नव्हता. फार जुन्या काळच्या, दूरच्या मुलखातल्या एका माणसाने देवाला घातलेली हाक होती. आम्ही ती मराठीत करतो आहोत आणि लोकांना कळते का, ते पाहायला मी आले होते. तिच्या मुलाची काही बातमी मला नाही. कोणालाच नाही.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "दिरानं धाडलं तुमाला?"

"नाही."

"आंगठा पायजे त्यास्नी माझा. पोरीला घालवायची हाय. म्हनून तुमाला म्हनलं आसंल, जावा, खोटं हाय म्हनून सांगा."

"आक्का, मी तुमच्याशी कधी खोटं बोललेय?"

"न्हाई," ती म्हणाली. "म्हनून तर त्येनं तुमाला धाडलं."

मी शपथ घालायला लागले, तिने हात वर करून थांबवले. सून म्हणाली, "आत्या, बाईंना बसू तरी द्या," तर तिच्यावर खेकसली. मला दारातून निघून यावेसे वाटत होते. शेवटी तीच म्हणाली, "कागद आणलाय?"

"आणलाय."

"मग वाचा. पयल्यापासनं. त्या दिशी मी शेवटचंच ऐकलं."

मी चष्मा लावला आणि सुरुवातीपासून वाचले. गळ्याला लागलेले पाणी, पाय न टेकणारा गाळ, ओरडून सुकलेला घसा. देवाला विचारलेले जाब. आपल्याच भावांनी ओळख सोडली, वेशीत बसणारे टवाळी करतात, त्याचे रडगाणे. शत्रूंना दिलेले शाप. आम्ही तिघांनी महिनोन् महिने घोळलेला एकेक शब्द त्या शेणाने सारवलेल्या घरात मी वाचत गेले. आक्का खांबाला टेकून ऐकत होती. मधेच कुठेतरी तिची मान हलायला लागली, नाही, नाही अशी. मी शेवटाला यायच्या आधीच तिने मला थांबवले.

"ह्यो माझा न्हवं."

मी कागद खाली केला.

"माझा आसं बोलायचा न्हाई. लहानपनी पाय मोडला तवा बी त्वांडातनं आवाज काढला न्हाई त्येनं. मेंढरामागं दोन रोज तसाच फिरला. आन ह्यो बघा कसा देवाला वरडतोय." ती सुनेकडे वळली. "व्हय गं? वरडंल व्हय त्यो आसं?"

सून म्हणाली, "न्हाई."

"न्हाई," आक्का म्हणाली आणि खांबाला घासत खाली बसली. मी तिच्याजवळ बसले. ती रडली नाही. बराच वेळ जमिनीवरचा एक पोपडा नखाने काढत राहिली. सून चुलीपाशी बसून हातातल्या बांगड्या मनगटाकडून वर, कोपराकडे सारत होती. पुन्हा खाली येत होत्या, ती पुन्हा सारत होती. मला वाटले, आता आक्का त्या फोडायला सांगणार. मी मनाशी तयारी केली की सुनेचा हात धरायचा, काच लागू द्यायची नाही.

आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्या. पत्र आलं न्हाई, तसा त्यो गेल्याचाबी कागद आला न्हाई."

लढाईतले कैदी परत आले ते त्या वर्षाच्या शेवटी. चावडीतल्या रेडिओपाशी ती सुनेला घेऊन बसायची, असे दिराने सांगितले. त्यांत तो नव्हता. सुनेला तिच्या बापाने नंतर नेले, आक्कानेच तिची गाठोडी बांधून दिली. आमच्या खोलीत 'ऐकले' तसेच राहिले. पाळकसाहेबांनी ते पुन्हा कधी मोठ्याने वाचले नाही. आणि वाचायच्या आधी हे काय आहे ते लोकांना सांगायचे, असा नवा नियम आम्ही केला. तेव्हापासून जिथे जाऊ तिथे लोक हात जोडून सगळे समजले म्हणत आणि आमच्या वाचनांचा काही उपयोग राहिला नाही.

पण त्या दिवशी मी निघायला उठले, तेव्हा आक्का म्हणाली, "बसा, बाई. पत्र लिवायचंय."

"कुणाला?"

"कुनाला म्हंजी? त्येला."

"आक्का, कुठल्या पत्त्यावर?"

"पलटणीच्या. त्यास्नी ठावं आसंल कुठं धाडायचं ते."

माझ्या पिशवीत कोरा कागद होता, तो काढला. तिने भिंतीकडे पाहत सांगायला सुरुवात केली. समदी खुशाल हायत लिवा. तुजी बायकू बरी हाय. मिरगाचा पाऊस झाला. हिरीला पानी आलं. इकलेली मेंढरं परत घेतली.

मी हात थांबवला. दारातून समोर विहिरीचा काठ दिसत होता, त्यावर दोर नव्हता आणि पोहराही नव्हता. मृग यायला अजून अवकाश होता. "आक्का, पाऊस कुठे झालाय?"

"पत्र पोचंस्तवर हुईल की. हुईल म्हनून लिवलं तर त्यो तिकडं घोर लावून बसंल. झाला म्हनून लिवा."

मी झाला असे लिहिले. पाणी आले, मेंढरे घेतली, असे लिहिले. तिचा अंगठा घेतला. पेन्शनीच्या कागदावर दिला नव्हता तो अंगठा तिने इथे नीट दाबून दिला आणि बोट पदराला पुसले.

"आता वाचा," ती म्हणाली.

मी कागद उचलून जागेवरूनच वाचायला लागले. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आसं न्हवं. उबं ऱ्हावून."

मी उठले, चष्मा सारखा केला आणि वाचू लागले.